चालतं दुकान आवरणारा माणूस

मंडळी, पत्रिकेवर आजच्या विषयाचं नाव जरा भारदस्त छापलं गेलं आहे. मला बोलायचं आहे ते साध्या गोष्टीबद्दल. शेजारच्या घरी नवीन काही आलं की आपल्या घरात जी चुळबुळ सुरू होते, तिच्याबद्दल. चारचौघांत आपण मागे पडायला नको, मुलांना कमीपणा वाटायला नको, लग्नकार्यात नाव जायला नको. ही ओढ सगळ्यांना असते. रविवारी चर्चमध्ये बसून डोंगरावरचं प्रवचन ऐकणाऱ्यालाही असते. देव आणि धन या दोघांची चाकरी एका वेळी होत नाही, हे तो ऐकतो, मान डोलावतो आणि सोमवारी सकाळी दुकान उघडतो. त्या सोमवारचं काय करायचं, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उभा राहिलेला आहे.

संन्याशांनी त्याचं उत्तर एका अर्थी सोपं करून टाकलं. इजिप्तच्या वाळवंटात गेलेले साधू घ्या, असिसीचा फ्रान्सिस घ्या, त्यांनी सोमवारच रद्द केला. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण आज मला असा माणूस हवा आहे ज्याला बायको आहे, मुलगी आहे, गिऱ्हाईक आहे आणि उधारीची वही आहे. तसा एक सापडतो. जॉन वूलमन त्याचं नाव. जन्म १७२०, मृत्यू १७७२. इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतींपैकी न्यू जर्सीमधला. शेतकऱ्याचा मुलगा, तेरा भावंडांतला एक. पुढे दुकानदार, शिंपी आणि सफरचंदाची रोपं करणारा माळी. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत त्याचं नाव सहसा नसतं. मी ज्या अभ्यासक्रमात नीतिशास्त्र शिकवलं त्यातही नव्हतं. कांट होता, मिल होता. वूलमन कधी तरी तासाच्या शेवटी, घंटा व्हायच्या आधी पाच मिनिटं उरली तर.

तो क्वेकर पंथाचा होता, म्हणून आधी त्या पंथाबद्दल थोडं सांगायला हवं. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात जॉर्ज फॉक्स नावाच्या माणसाभोवती ही मंडळी जमली. स्वतःला ती 'मित्र' म्हणवत. त्यांच्या उपासनेत पाद्री नाही, वेदी नाही, गाणी नाहीत. सगळे गप्प बसायचे आणि ज्याला आतून प्रेरणा होईल त्याने उठून बोलायचं. प्रत्येक माणसात देवाचा प्रकाश आहे, ही मूळ धारणा. मग एकाने दुसऱ्यापुढे टोपी का काढायची? हे लोक कुणापुढेच हॅट काढत नसत. त्या काळच्या इंग्रजीत आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' होतं. क्वेकर सगळ्यांना 'तू' म्हणत, न्यायाधीशालासुद्धा. मराठी माणसाला यातला स्फोट समजावून सांगावा लागत नाही. कलेक्टरच्या कचेरीत जाऊन 'अरे, माझा अर्ज बघितलास का?' असं विचारून पाहा. या आणि अशा कारणांसाठी हजारो क्वेकर तुरुंगात गेले.

आणखी एक गोष्ट. बाजारात त्या काळी घासाघीस चाले. दुकानदार दहा सांगणार, गिऱ्हाईक चार म्हणणार, सहावर तुटणार. क्वेकर म्हणाले, सहाला द्यायची वस्तू दहाची म्हणून सांगणं हे खोटं बोलणं झालं. म्हणून त्यांच्या दुकानात एकच भाव. सुरुवातीला गिऱ्हाईक बिचकलं. मग लोकांच्या ध्यानात आलं की इथे लहान पोराला पाठवलं तरी फसवणूक होत नाही. झालं, दुकानं तुडुंब चालू लागली. त्यात दारूचं व्यसन नाही, जुगार नाही, नाटकं नाहीत, कपड्यांवर फिती आणि झालरी नाहीत. मिळवायचं भरपूर आणि उडवायला जागा नाही. १६८२ साली विल्यम पेन फिलाडेल्फिया वसवायला गेला. त्यानंतर दोन पिढ्यांत तिथले क्वेकर व्यापारी शहरातले सगळ्यांत श्रीमंत लोक झाले. साधेपणा त्यांनी सोडला नव्हता, फक्त तो महाग झाला होता. कोटाला झालर नाही, पण कापड लंडनहून आलेलं, उत्तमातलं उत्तम. घरात नक्षी कमी, पण लाकूड मॅहॉगनी. साधेपणातसुद्धा बरोबरी करता येते, मंडळी. किंबहुना ती अधिक चुरशीची असते, कारण तिला कुणी नाव ठेवू शकत नाही.

हा अनुभव एकट्या क्वेकरांचा नाही. जॉन वेस्लीने म्हातारपणी आपल्या मेथॉडिस्ट अनुयायांकडे पाहून हीच खंत केली. धर्मामुळे माणूस उद्योगी आणि काटकसरी होतो, त्या दोन गुणांमुळे श्रीमंत होतो, आणि श्रीमंतीमुळे त्याचा धर्म पातळ होत जातो. माक्स वेबरने १९०४-०५ साली भांडवलशाही आणि प्रॉटेस्टंट नीती यांवर जो प्रसिद्ध प्रबंध लिहिला त्यात वेस्लीचा हा विचार घेतलेला आहे. वेबर वाचून विद्यार्थ्यांना वाटतं, हा इतिहासाचा नियम आहे, याला इलाज नाही. वूलमन हा त्या नियमात न बसणारा माणूस आहे, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो.

एकवीस वर्षांचा असताना तो माउंट हॉली या गावात एका दुकानदाराकडे नोकरीला लागला. काम गल्ल्यावर बसायचं आणि वह्या लिहायचं. अक्षर चांगलं, हिशोब चोख. या नोकरीत एक प्रसंग घडला. मालकाकडे एक काळी गुलाम स्त्री होती. मालकाने ती विकली आणि वूलमनला सांगितलं, विक्रीचा कागद लिही. घेणारा गिऱ्हाईक समोर उभा, तोही म्हातारा क्वेकर. मालक म्हणतो आहे, नोकरी वर्षाच्या कराराची आहे, घेणारा आपल्याच पंथातला भला गृहस्थ आहे. वूलमनने कागद लिहून दिला. पण लिहिताना जीव इतका कासावीस झाला की त्याने त्या दोघांसमोरच सांगितलं, गुलाम बाळगणं हे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असं मला वाटतं. पुढे आणखी एकाने तसाच कागद लिहायला सांगितला, तेव्हा त्याने नकार दिला.

इथे थोडं थांबू या. त्याला अडकवणाऱ्या गोष्टी किती मामुली होत्या बघा. कुणी चाबूक उगारला नव्हता. मालकाचं मन मोडणं बरं दिसत नाही, वडीलधाऱ्या गिऱ्हाइकासमोर वाद घालणं बरं दिसत नाही, सगळेच असं करतात. जगातली पुष्कळशी पापं या 'बरं दिसत नाही'च्या आधाराने उभी असतात.

मग त्याने शिवणकाम शिकून स्वतःचं दुकान टाकलं. आधी शिलाईचं किरकोळ सामान, नंतर सुती आणि लिननचं कापड. १७४९ मध्ये सारा एलिस हिच्याशी लग्न झालं, पुढल्या वर्षी मुलगी झाली. दुकान वर्षागणिक वाढत गेलं. तो काळच तसा होता. इंग्लंडहून जहाजं भरभरून माल यायचा. चहा, साखर, चिनी मातीचे कप, रिबनी, बकलं आणि आपल्याकडचं छिटाचं कापडही. इंग्रजीत या कापडाला जे नाव आहे ते 'छीट' या शब्दावरूनच गेलेलं आहे. ज्या शेतकऱ्याच्या आजोबाने लाकडी थाळीत जेवण केलं, त्याच्या सुनेला आता चहाचा संच हवा होता. रोख पैसा कुठे होता? सगळं उधारीवर. दुकानदार लंडनच्या व्यापाऱ्याचा देणेकरी, शेतकरी दुकानदाराचा देणेकरी. उधारी थकली की कोर्ट, आणि कोर्टानंतर जप्ती.

वूलमन हे गल्ल्यावर बसून पाहत होता. महागाचे कपडे आणि दारू यांच्यापायी घरं कशी बुडतात हे त्याच्या वहीतच दिसत होतं. मग तो एक चमत्कारिक गोष्ट करू लागला. गरीब गिऱ्हाईक महागाचं कापड मागायला आलं की तो सांगे, हे घेऊ नकोस, ते स्वस्तातलं टिकाऊ आहे, ते घे. आता तुमच्यापैकी कुणी दुकानदारी केली असेल तर सांगा, असा दुकानदार किती दिवस टिकेल? गंमत अशी की त्याचं दुकान अधिकच चालू लागलं. लोकांचा विश्वास बसला ना! ज्या सचोटीने फिलाडेल्फियाचे क्वेकर श्रीमंत झाले, तीच आता त्यालाही वर ढकलत होती.

आणि १७५६ च्या सुमारास, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याने दुकान आवरलं. एकदम कुलूप लावलं नाही. गिऱ्हाइकांना आधी सांगितलं की मी व्यापार बंद करणार आहे, तुम्ही कुठलं दुसरं दुकान धरायचं ते बघून ठेवा. मग हळूहळू माल कमी केला. शेवटी राहिलं शिंपीकाम, तेही हाताखाली उमेदवार न ठेवता, आणि जोडीला सफरचंदाची बाग. कलमं बांधायची, छाटणी करायची, खुरपणी करायची. याच वर्षी त्याने आपलं आत्मवृत्त लिहायला घेतलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १७७४ साली छापलं गेलं आणि इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून आजही वाचलं जातं.

तुम्हाला तुकोबा आठवले असतील. वाण्याचं दुकान, देणेकऱ्यांचे कागद इंद्रायणीत टाकल्याची कथा. साम्य आहे, पण फरक मोठा आहे. तुकोबांचं दुकान दुष्काळात मोडलं होतं. वूलमनचं भरभराटीला आलेलं होतं. मोडलेल्या दुकानातून वैराग्य येऊ शकतं, हे आपण समजू शकतो. चालत्या दुकानातून 'आता पुरे' म्हणणं ही वेगळीच जातकुळी.

'पुरे' हा आपला शब्द फार चांगला आहे. त्यात 'पुरेसं' आहे आणि 'थांबा'ही आहे. वूलमनला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुचल्या. का सुचल्या, ते त्याने सांगितलं आहे. मोठा धंदा म्हणजे मोठा गुंता, आणि त्या गुंत्यात आतला आवाज ऐकू येत नाही. हे कारण धार्मिक आहे, आणि तेवढंच असतं तर त्याला मी एक भला भाविक म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याचा विचार पुढे गेला, आणि इथे तो मला खऱ्या अर्थाने तत्त्वचिंतक वाटतो.

१७६३-६४ च्या सुमारास त्याने गरिबांच्या बाजूने एक निबंध लिहिला. तो छापला गेला १७९३ साली, म्हणजे तो गेल्यावर वीस-एकवीस वर्षांनी. त्यातली विचारांची साखळी मी माझ्या शब्दांत सांगतो. एखाद्या श्रीमंत माणसाला चारचौघांत शोभेल असं घर ठेवायचं आहे. त्यासाठी त्याला जमिनीचा खंड वाढवावा लागतो. कुळाला तो खंड भरायचा तर ताकदीपलीकडे राबावं लागतं, मजुराला कमी रोज द्यावा लागतो, बैलांना जास्त जुंपावं लागतं. हो, बैलांचाही त्याने विचार केला आहे. दुसरीकडे काही माणसं शोभेच्या वस्तू बनवण्यात गुंतून पडतात, त्यामुळे अन्नवस्त्राचं काम उरलेल्यांच्या अंगावर पडतं. जिथे मजूर मिळत नाहीत तिथे गुलाम आणतात. गुलाम राखायला शस्त्रं लागतात. म्हणजे दिवाणखान्यातली खुर्ची आणि दूरची लढाई यांच्यात एक दोरा आहे, आणि तो दोरा 'लोक काय म्हणतील' या चिंतेतून निघतो. आपल्या घरातलं सामान आणि अंगावरचे कपडे यांत युद्धाचं बी आहे का, हे तपासा, असं त्याचं सांगणं.

त्याच्या आधी शेकडो धर्मोपदेशकांनी चैनीवर टीका केली होती. चैन करणाऱ्याच्या आत्म्याचं नुकसान होतं, एवढंच ते म्हणत. वूलमनने विचारलं, त्या चैनीचं ओझं कुणाच्या पाठीवर आहे? थॉर्स्टीन व्हेब्लेनने दिखाऊ खर्चावरचं आपलं पुस्तक १८९९ साली लिहिलं. ते हुशार आहे, बोचरं आहे. पण त्यात चैन करणारेच दिसतात. वूलमनच्या निबंधात राबणारे दिसतात.

आणि हा माणूस विचार करून थांबला नाही, हीच त्याची अडचण. त्याच्या ओळखीच्या लोकांनाही ती अडचणच वाटत असणार. १७५७ साली तो दक्षिणेकडे मेरीलँड आणि व्हर्जिनियात फिरला. उतरायचा तो तिथल्या सधन क्वेकरांच्या घरी. पाहुणचार उत्तम, पण ताट वाढणारे, घोडा धरणारे, अंथरूण घालणारे सगळे गुलाम. फुकटचा पाहुणचार घेणं म्हणजे त्यांच्या बिनपगारी कामात भागीदार होणं, असं त्याला वाटलं. निघताना तो यजमानाला बाजूला घेई आणि चांदीची काही नाणी त्याच्या हातात ठेवून म्हणे, ही ज्यांनी माझी सेवा केली त्यांना द्या. कधी स्वतःच देई. आपल्याकडे जेवणाचे पैसे काढून ठेवले तर यजमानाला काय वाटेल, कल्पना करा. त्यालाही ते फार जड गेलं. पण त्याने कुणाला शिवी दिली नाही, कुणाच्या घरी पाऊल टाकायचं सोडलं नाही. तो जाऊन बसे, बोले आणि पैसे ठेवून निघे.

मृत्युपत्राचा एक प्रसंग आहे. अक्षर चांगलं म्हणून गावातले लोक त्याच्याकडून मृत्युपत्र लिहून घेत. एकदा शेजाऱ्याला जबर मार लागला. त्या काळच्या रीतीने रक्त काढायला त्याने वूलमनला बोलावलं, आणि मग म्हणाला, आता माझं मृत्युपत्रही लिही. घर याला, जमीन त्याला, आणि ती गुलाम मुलगी अमक्याला. वूलमनने सगळं लिहिलं, मुलीचं कलम तेवढं गाळलं. कागद बिछान्याजवळ नेला आणि सांगितलं, हे कलम माझ्याने लिहवत नाही, लिहिलं आहे त्याचेही पैसे नकोत, उरलेलं दुसऱ्या कुणाकडून करून घे. मग दोघे बराच वेळ बोलत बसले. शेवटी शेजारी त्या मुलीला मुक्त करायला तयार झाला, तेव्हा त्याने मृत्युपत्र पुरं करून दिलं.

पुढे त्याने साखर आणि काकवी सोडली, कारण ती वेस्ट इंडीजच्या मळ्यांत गुलामांच्या श्रमातून येत होती. आणि रंगवलेले कपडे सोडले. त्याचं म्हणणं असं की रंगामुळे मळ लपतो, मळ धुवायचा असतो, लपवायचा नसतो. शिवाय रंगाने कापड कमकुवत होतं. त्याच काळात दक्षिण कॅरोलायनात गुलामांकडून नीळ पिकवून घेत, हेही ध्यानात ठेवावं. जुने रंगीत कपडे विरेपर्यंत त्याने वापरले, फेकले नाहीत. १७६२ च्या सुमारास त्याने रंग न दिलेली, फरच्या मूळ रंगाची हॅट घेतली. आणि इथे दैवाने त्याची काय थट्टा केली बघा. नेमकी त्याच वेळी फॅशनवाल्या छानछोकी मंडळींत पांढुरक्या हॅटची टूम निघाली होती! त्याचे साधे क्वेकर मित्र त्याच्याकडे बघून बिचकू लागले. हाही नादाला लागला काय? सगळ्या दिखाव्यातून सुटायला निघालेला माणूस दिखाऊ ठरला. त्याने ते आत्मवृत्तात प्रांजळपणे लिहिलं आहे. हॅट मात्र काढली नाही.

आता तुमच्या मनात एक आक्षेप आला असेल. यायलाच हवा. हे सगळं ज्याच्याजवळ आहे त्याला ठीक आहे. ज्याला कधी धड कपडाच मिळाला नाही, त्याला साधेपणा काय सांगता? वूलमन गेल्यावर चार वर्षांनी, १७७६ साली, ॲडम स्मिथचं प्रसिद्ध पुस्तक आलं. त्यात तो म्हणतो की लिननचा सदरा जगायला आवश्यक नाही, ग्रीक-रोमन लोक त्याच्यावाचून सुखात होते. पण आजच्या युरोपच्या बहुतेक भागात साध्या मजुरालाही सदऱ्याशिवाय चारचौघांत जायची लाज वाटेल. म्हणून सदरा गरजेचाच. बरोबरीची ओढ ही नुसती हाव नसते, तिच्यात माणूस म्हणून उभं राहण्याची धडपडही असते. आपल्या महाराष्ट्रात हे वेगळं सांगायला नको. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं की जातीची खूण सांगणारी लुगडं नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने सोडा, स्वच्छ आणि नीटनेटक्या राहा. तो उपदेश आणि वूलमनची हॅट यांना एका मापाने मोजणं हा अन्याय होईल. खेड्यातून ख्रिस्ती झालेल्या आपल्याकडच्या अनेक कुटुंबांना पायात चप्पल आणि अंगात धुतलेला सदरा घालून रस्त्याने जाणं, हाच श्रद्धेचा पहिला जाहीर उच्चार होता.

हा आक्षेप मी खरा मानतो. पण तो वूलमनला लागू पडतो का? त्याने गुलामाला किंवा कुळाला 'आहे त्यात समाधान मान' असं सांगितलं नाही. गरीब गिऱ्हाइकाला स्वस्त कापड सुचवलं, ते त्याचं घर कर्जात जाऊ नये म्हणून. त्याचं मागणं वरच्यांकडे होतं. ज्याला बघून खालचा धावतो, त्याने आधी थांबावं. खंड कमी करा, रोज वाढवा, मग मजुराला ऊर फुटेपर्यंत राबावं लागणार नाही. सगळ्यांनी दिखाव्याची कामं सोडली तर माफक श्रमात सगळ्यांचं भागेल आणि सार्वजनिक कामांसाठी माणसांना वेळ उरेल, असा त्याचा हिशोब होता.

माझी शंका वेगळीच आहे, आणि ती घरातली आहे. सारा वूलमनला या सगळ्याबद्दल काय वाटत होतं? नवऱ्याच्या आत्मवृत्तात ती जवळजवळ नाहीच. तो महिनोन्‌महिने फिरतीवर, घरी उत्पन्न मुद्दाम कमी केलेलं, एक मुलगी. आपल्याकडे ना. वा. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. पण आपल्याकडे 'स्मृतिचित्रे' आहे, त्यामुळे त्यागी पुरुषाच्या घरात हिशोब कोण जुळवतं हे आपल्याला लक्ष्मीबाईंकडून कळतं, तेही हसतखेळत. सारा वूलमनची स्मृतिचित्रं नाहीत. वूलमनवर लिहिणारे तिच्यावरून फार भरभर पुढे जातात, असं माझं मत आहे.

त्याच्या पंथाने त्याचं किती ऐकलं? अर्धं ऐकलं. १७५८ च्या फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत गुलामगिरीचा विषय निघाला, तेव्हा बरेच जण म्हणत होते की थोडं थांबू, देव मार्ग दाखवील. वूलमन बोलला. मग सभेने गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांना घरोघर जाऊन भेटण्यासाठी काही जण नेमले, त्यांत तोही होता. अठरा वर्षं हे दार ठोठावणं चाललं. त्यातून १७७६ साली त्या सभेने ठरवलं की जो गुलाम ठेवील तो आमच्यात राहणार नाही. बाकीच्या ख्रिस्ती जगाच्या तुलनेत हे फार लवकर झालं, आणि त्याचं बरंच श्रेय वूलमनला आणि त्याचा मित्र अँथनी बेनेझेट याला जातं.

दुसरं अर्धं, म्हणजे चैन, उधारी, बरोबरी, ते मात्र कुणी ठरावात घेतलं नाही. घेणार तरी कसं? गुलाम आहे की नाही हे मोजता येतं. 'पुरेसं' कसं मोजणार? त्याची रेघ रोज सरकते. त्याने स्वतःपुरती रेघ मारली आणि ती दुसऱ्यासाठी कायदा म्हणून पुढे केली नाही. मला यात त्याचं शहाणपण दिसतं. इतिहासकारांना कधी कधी यात त्याचं अपयश दिसतं.

१७७२ च्या मे महिन्यात तो इंग्लंडला निघाला. जहाजावर वरच्या खोलीची जागा मिळत होती. त्याने पाहिलं की त्या खोलीजवळ कोरीव नक्षीकाम आहे आणि भाड्यात त्या नक्षीचे पैसे आहेत. तो खाली खलाशांच्या जागेत झोपला, पाच-सहा आठवडे, ओल्या कपड्यांच्या वासात. जूनमध्ये लंडनला पोचला. हा रंग न दिलेल्या कपड्यांतला माणूस बघून तिथले क्वेकर सुरुवातीला थंड वागले असं सांगतात. इंग्लंडात तो टपालगाडीत बसला नाही आणि टपालाने पत्रंही पाठवत नव्हता, कारण वेगासाठी घोडे मरेपर्यंत पळवत आणि टपालाची पोरं हिवाळ्याच्या रात्री गारठून मरत. पत्र लवकर पोचावं ही केवढी साधी इच्छा! पायी चालत तो उत्तरेकडे गेला. वाटेत मजुरांचे रोज आणि धान्याचे भाव टिपत गेला. पुष्कळ ठिकाणी रोज दहा पेन्सच्या आसपास, आणि गहू आठ शिलिंगांना बुशेल. एवढ्यात घर कसं चालतं, हा प्रश्न त्याने त्या आकड्यांतून पुढे ठेवला आहे.

सप्टेंबरमध्ये तो यॉर्कला पोचला आणि देवीच्या आजाराने पडला. ट्यूक नावाच्या क्वेकर कुटुंबातल्या माणसांनी त्याची शुश्रूषा केली. ७ ऑक्टोबर १७७२ रोजी तो गेला. शवपेटीची सूचना त्याने आधीच देऊन ठेवली होती. ॲशच्या लाकडाची करा, ओक करू नका, ओक जास्त उपयोगाचा आहे. आणि पेटीचा, कबर खणण्याचा खर्च माझ्या कपड्यांतून भागवा.

त्या ट्यूक कुटुंबाचा यॉर्कमध्ये चहा आणि किराणा मालाचा धंदा होता. साखर न खाणाऱ्या माणसाला त्यांनी सांभाळलं. पुढे त्या धंद्यात कोको आला. कोकोचा भाग १८६२ साली हेन्री आयझॅक राउंट्री या क्वेकराने विकत घेतला, आणि त्यातून राउंट्रीचा चॉकलेटचा कारखाना उभा राहिला. किटकॅट त्या कारखान्यातलं, १९३५ सालचं. याच घराण्यातल्या सीबोम राउंट्रीने १९०१ साली यॉर्कमधल्या गरिबीची पाहणी प्रसिद्ध केली, घरोघर जाऊन, आकड्यांनिशी. कमीत कमी किती पैशांत कुटुंब जगेल, याची त्याने रेघ आखली. त्या रेघेत वर्तमानपत्र नव्हतं, तंबाखू नव्हती, पत्राचं तिकीटसुद्धा नव्हतं. आपल्याकडे १९७१ साली दांडेकर आणि रथ यांनी पुण्यात बसून २२५० उष्मांकांचा आधार धरून भारतासाठी अशीच रेघ काढली. राउंट्रीने १९३६ साली यॉर्कची पाहणी पुन्हा केली, तेव्हा माणसासारखं जगायला काय लागतं या यादीत त्याने वर्तमानपत्र घातलं, मुलांसाठी छोट्या भेटवस्तू घातल्या आणि रेडिओ घातला.

माझी वेळ संपली आहे. प्रश्न असतील तर घेऊ.